गट इयत्तेचा नव्हे, पातळीचा
मुंबईत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या पद्धतीत तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट वाचनाच्या पातळीनुसार पडतात. आधी एकेका मुलाची तोंडी चाचणी होते. प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या पाच पातळ्या. सुरुवातीच्या गटातील मुले बाराखडीच्या तक्त्यावर बोट ठेवून क, का, कि, की मोठ्याने वाचतात, शब्दांचे खेळ खेळतात. गोष्ट मात्र त्यांनाही ऐकवली जाते. अर्थाची गोडी अक्षरओळख पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवणे चूकच. मूल पुढे सरकले की गट बदलतो. तो वेळेवर बदलला नाही, तर मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो. या पद्धतीचा परिणाम तपासणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.