प्रकाशाच्या वाटेवरील गर्दी

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील एखादा कारखानदार पुण्याच्या पुरवठादारास रक्कम पाठवतो, तेव्हा तो संदेश बहुतांश वाट केसासारख्या बारीक काचतंतूतून, प्रकाशाच्या रूपाने कापतो. हजार-बाराशे किलोमीटरचे हे अंतर प्रकाश सुमारे सहा मिलिसेकंदांत ओलांडतो. प्रश्न वेगाचा नसून गर्दीचा आहे. बँकेचे संदेश तसे चिमुकलेच. पण ज्या तंतूतून ते जातात, त्यातूनच चित्रपटही धावत असतात. शिवाय डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र सुरू आहेत.

पुणेकरांना या तंतूची ओळख जुनी आहे. देशातील दूरध्वनी केंद्रांना जोडणारी पहिली प्रकाशतंतू-जोडणी १९७९ साली पुण्यातच कार्यान्वित झाली. उत्तम तंतूतही ऐंशी किलोमीटरनंतर मूळ प्रकाशाचा जेमतेम चाळिसावा भाग उरतो. पूर्वी अशा क्षीण प्रकाशाचे वाटेत विजेत रूपांतर करून, तो संदेश पुन्हा प्रकाशरूपाने पुढे धाडावा लागे; प्रत्येक ठाण्यावर माल उतरवून पुन्हा भरण्यासारखेच हे. १९८७ मध्ये एर्बियमयुक्त तंतूचा वर्धक पुढे आला. तो प्रकाशाला प्रकाशरूपातच बळ देतो, तेही अनेक तरंगलांबींना एकदम. एका तंतूत ऐंशी तरंगलांबी आणि प्रत्येकीवर सेकंदाला १०० गिगाबिट धरल्यास ८ टेराबिट होतात, आणि त्यासाठी नवा चर खणावा लागत नाही.

पूर्ण प्रकाशीय जाळ्यात चौकावरही संदेश विजेत न उतरवता तरंगलांबीनुसार वळवले जातात. खरी अडचण येथेच आहे. आरक्षणाच्या गाडीत सुरतपर्यंत एक आसन व पुढे दुसरे मिळाले, तर प्रवासी उठून जागा बदलतो. प्रकाशाला ते सहज जमत नाही. एकच तरंगलांबी सर्व टप्प्यांवर मोकळी असावी लागते. परिणामी जागा रिकामी असूनही मागणी नाकारावी लागते. यावर मोजक्या चौकांत तरंगलांबी बदलणारी यंत्रे बसवणे, गरजेनुसार अरुंद-रुंद पट्टे देणे आणि वाटपाचे गणित आधीच नीट मांडणे, हे उपाय योजले जातात. माझ्या मते शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त. वर्धक मात्र संदेशाबरोबर गोंगाटही वाढवत असल्याने अतिलांब वाटेवर विजेचा आधार आजही सुटलेला नाही.

आणि रस्त्याच्या कामात तंतू तुटला तर? 'लिंक नाही' ही पाटी शाखेत लागू नये म्हणून पर्यायी वाटेवर काही तरंगलांबी मोकळ्या ठेवाव्या लागतात. तिजोरीतील राखीव रोकडीप्रमाणे त्या काहीच कमावत नाहीत. किती ठेवायच्या, यावरच जाळ्याची उपयोगी क्षमता ठरते.