विश्लेषण : चर बुजवला, पण मातीचा ढीग कोणी उचलायचा?

ऑक्टोबर ते एप्रिल हा शहरांमधला खोदाईचा हंगाम. वीजकेबल, गॅसवाहिनी किंवा जलवाहिनी टाकून होते, चर बुजवला जातो आणि कामगार पुढच्या चौकात जातात. मागे पदपथावर मातीचा ढीग, उखडलेले पेव्हर ब्लॉक, सिमेंटची रिकामी पोती आणि एखादे आडवे पडलेले बॅरिकेड उरते. तक्रार केली तर कंपनी ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार महापालिकेकडे. ही जबाबदारी नेमकी कोणाची आणि नियम काय सांगतात, याचा हा आढावा.

खोदलेली माती परत चरातच का टाकत नाहीत?

सगळी माती परत चरात मावतच नाही. जमिनीत दाबून बसलेली माती खोदून मोकळी केली की तिचे आकारमान साधारण २० ते ३० टक्क्यांनी वाढते. शिवाय वाहिनी स्वतः जागा घेते आणि वरच्या थरात माती नव्हे, तर खडी, काँक्रीट किंवा डांबर भरावे लागते.

एक साधा हिशेब पाहू. १०० मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर खोल चर म्हणजे ५० घनमीटर खोदाई. त्यात ३०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी टाकली आणि वरचे ४० सेंटिमीटर खडी-काँक्रीटने भरले, तर सुमारे २७ घनमीटर माती जास्तीची ठरते. मोकळी झाल्यावर ती ३४ घनमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास १२ ब्रास होते. दोन ब्रासच्या डंपरच्या सहा खेपा. हा आकडा काम सुरू होण्याआधीच काढता येतो. त्यामुळे उरलेला ढीग हा अपघात नसतो. त्याच्या वाहतुकीची तरतूद मुळात केलेली नसते किंवा केलेली असूनही वापरलेली नसते.

नियम काय सांगतात?

केंद्र सरकारचे बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियम मार्च २०१६ मध्ये आले. त्यांत ‘सेवा पुरवठादार’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. पाणी, मलनिस्सारण, वीज, दूरध्वनी, रस्ते अशा सेवा देणाऱ्या आणि त्यासाठी खोदाई करणाऱ्या यंत्रणा या व्याख्येत येतात. राडारोडा उचलून जागा शक्य असल्यास रोजच्या रोज स्वच्छ करणे हे त्यांचे आणि त्यांच्या ठेकेदारांचे कर्तव्य आहे. रोज शक्य नसेल, तर कामाचा कालावधी आणि कचऱ्याचे प्रमाण पाहून स्थानिक संस्थेशी चर्चा करून वाजवी मुदत ठरवायची. स्वतःकडे वाहने नसतील, तर अधिकृत संस्थेशी करार करून शुल्क भरायचे. ‘आमच्याकडे डंपर नाही’ ही सबब नियमांनी आधीच गृहीत धरून निकालात काढली आहे.

उचललेला राडारोडा मोकळ्या प्लॉटवर किंवा नदीकाठी टाकणेही चालत नाही. पुण्यात वाघोली, तर मुंबईसाठी दहिसर आणि शीळफाट्याजवळ डायघर येथे त्यासाठी प्रक्रिया केंद्रे आहेत.

काम ठेकेदाराला दिले की कंपनी सुटते का?

नाही. वीज कायदा २००३ मधील कलम ६७ परवानाधारक कंपनीला रस्ता खोदण्याचा अधिकार देते. त्याच कलमात पुढे अटही आहे. खोदाई करताना कमीत कमी नुकसान आणि गैरसोय व्हावी, तसेच कंपनीमुळे किंवा तिने नेमलेल्या कोणामुळेही झालेल्या नुकसानाची आणि गैरसोयीची पूर्ण भरपाई कंपनीने द्यावी. त्यामुळे ठेकेदाराने पुढे उपठेकेदार नेमला, तरी जबाबदारीची दोरी मूळ कंपनीच्या हातातच राहते.

दूरसंचार केबलसाठी १ जानेवारी २०२५ पासून मार्गाधिकाराचे नवे नियम लागू आहेत. रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च संबंधित यंत्रणेकडे भरणे किंवा बँक हमी देऊन ते काम स्वतः करणे, असे दोन मार्ग कंपनीपुढे असतात.

मग ढीग तसाच का राहतो?

याचे उत्तर कामाच्या वाटणीत आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत महापालिका कंपनीकडून रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आधीच घेते आणि ते काम स्वतःच्या ठेकेदाराकडून करून घेते. म्हणजे एकाच चरावर दोन ठेकेदार येतात. पहिला खोदतो, वाहिनी टाकतो आणि माती लोटून निघून जातो. दुसरा काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी येऊन वरचा थर करतो. ‘साफसफाई दुसरा करेल’ असे पहिल्याला वाटते आणि ‘हा ढीग माझ्या कामातला नाही’ असे दुसरा म्हणतो. दोन करारांच्या मधल्या या काळात ढीग बेवारस होतो.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने रस्ता पूर्ववत करण्याची जबाबदारी खोदणाऱ्या कंपनीवरच टाकली आहे. तिथे बुजवलेल्या चराची किमान दोन वर्षे आणि खोल चराची तीन वर्षे हमी द्यावी लागते. त्यामुळे पुढे कोणाला विचारायचे, हा प्रश्न उरत नाही.

ढिगामुळे नेमके काय बिघडते?

पदपथ अडला की ज्येष्ठ नागरिक, शाळकरी मुले आणि व्हीलचेअर वापरणारे थेट वाहतुकीत उतरतात. सुकी माती धूळ होऊन उडते, तर ओली माती दुचाकी घसरवते. पहिल्या मोठ्या पावसात तीच माती पावसाळी गटारात जाते आणि महापालिकेला नालेसफाईत पुन्हा उपसावी लागते. म्हणजे ठेकेदाराने वाचवलेल्या डंपरच्या खेपांचे पैसे शेवटी करदाता भरतो.

चर नीट न बुजवण्याचा धोका वेगळा आहे. भराव १५-२० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून आणि धुम्मस करून बसवावा लागतो. एकदम लोटलेली माती पावसात खचते आणि चराच्या जागी खड्डा पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये याबाबत महत्त्वाचा आदेश दिला. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्यास न्यायालयाने सांगितले. ही रक्कम नंतर जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदारांकडून वसूल करायची आहे. निष्काळजीपणाची किंमत आता कागदावर तरी ठरली आहे.

१ एप्रिलनंतर काय बदलणार?

२०१६ च्या नियमांची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चे नवे नियम घेत आहेत. २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर राडारोड्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणे, हा त्यांचा मुख्य भर आहे. गल्लीतल्या शंभर मीटरच्या चराचा प्रश्न मात्र प्रामुख्याने महापालिकेच्या खोदाई परवानगीतील अटींवरच सुटू शकतो. जास्तीची माती किती, ती कोण उचलणार आणि किती दिवसांत, हे परवानगीतच लिहिले आणि स्वच्छ जागेचे छायाचित्र दिल्याशिवाय अनामत परत केली नाही, तर ‘तो करेल’ म्हणायला जागा उरणार नाही.

नागरिकांनी काय करावे?

- कामाच्या जागी फलक असल्यास त्यावरील कंपनी, ठेकेदार आणि मुदत यांचा फोटो काढून ठेवावा. फलक नसेल, तर तोही तक्रारीचा मुद्दा आहे.
- मुंबईत १९१६ या क्रमांकावर, तर पुण्यात ‘पीएमसी केअर’वर फोटो आणि ठिकाणासह तक्रार नोंदवावी. कंपनीलाही तीच तक्रार पाठवावी.
- सार्वजनिक रस्त्यात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा असून त्यासाठी ५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रारीत या कलमाचा उल्लेख करता येतो.
- माहिती अधिकारात खोदाई परवानगीची प्रत आणि भरलेल्या शुल्काचा तपशील मागता येतो. हा कायदा कागदपत्रांबरोबरच सार्वजनिक कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचा हक्कही देतो.

तक्रारीत ‘माती पडली आहे’ एवढेच न लिहिता कोणाच्या परवानगीने, कोणत्या कामाची आणि किती दिवसांपासून हेही लिहावे. त्यामुळे ती तक्रार नुसत्या सफाई विभागाकडे न जाता परवानगी देणाऱ्या पथ विभागापर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते. ठेकेदाराची अनामत अडवण्याचा अधिकार त्याच विभागाकडे असतो.