चक्क्याच्या थंड वड्या

चक्का म्हणजे पाणी काढून घेतलेले दही. त्यात साखर आणि फळे मिसळून तो गोठवला की जो पदार्थ होतो, त्याला मॉलमधल्या दुकानांत ‘फ्रोजन योगर्ट’ म्हणतात. अमेरिकेत तो १९७०च्या दशकात न्यू इंग्लंड भागात विकला जाऊ लागला आणि १९८१ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात त्याच्या दुकानांची एक मोठी साखळी सुरू झाली. ज्या घरात पाडव्याला श्रीखंड होते, त्या घराला यातले निम्मे काम आधीच येते. उरलेले निम्मे म्हणजे पाण्याचा बंदोबस्त.

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाने दक्षिणेला निघाले की आधी गोकुळ शिरगावची एमआयडीसी लागते आणि पुढे कर्नाटकची हद्द जवळ येता येता कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. ‘पंचतारांकित’ या शब्दाने परक्या माणसाला हॉटेले आठवतात; इथे आहेत ते कापडाचे, सुट्या भागांचे कारखाने आणि पाळ्यांत चालणारे काम. भोवतालची गावे दुधाची. अनेक घरांत सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणारा एक हात असतो आणि कंपनीचा डबा उचलणारा दुसरा. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ साली स्थापन झाला. त्याचा मुख्य प्रकल्प गोकुळ शिरगावच्या वसाहतीतच आहे. दुधाला फॅट किती लागली हा या भागातला रोजचा विषय, आणि या पदार्थाच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच आहे.

गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. म्हशीच्या दुधात ते ८२-८३ टक्क्यांवर येते आणि स्निग्धांश सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो. साधे दही तसेच फ्रीझरमध्ये ठेवले तर त्यातले मोकळे पाणी हळूहळू गोठून त्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात. खाताना जिभेला लागते ती त्यांचीच करकर, आणि विरघळल्यावर दही फाटल्यासारखे दिसते तेही त्यांच्यामुळेच. घरच्या फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी त्याला उष्णता खेचून घ्यायला वेळ लागतो, आणि गोठण जितकी सावकाश तितके स्फटिक मोठे. कारखान्यातले यंत्र मिश्रण फिरवत, त्यात हवा भरत झपाट्याने गोठवते. ते घरी शक्य नाही. तेव्हा पाणी आधीच कमी करणे, उरलेले साखरेने बांधून ठेवणे आणि स्निग्धांशाचा आधार घेणे, एवढेच हातात राहते.

दोन लिटर म्हशीचे दूध उकळून कोमट करून विरजावे. दही घट्ट लागले की, आंबट होण्याआधीच, सुती फडक्यात बांधून टांगावे. उन्हाळ्यात टांगलेले दही तासागणिक आंबते. म्हणून चाळणीत फडके पसरून, खाली पातेले ठेवून ते फ्रिजमध्येच निथळू दिलेले बरे. सहा ते आठ तासांत साधारण सहाशे-सातशे ग्रॅम चक्का मिळतो. श्रीखंडासाठी तो जितका कोरडा लागतो तितका इथे लागत नाही. फडके पिळून, वर वरवंटा ठेवून काढलेला चक्का गोठल्यावर खडूसारखा लागतो. बाजारचा तयार चक्का वापरला तरी चालते. फक्त तो एकदा पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावा, कारण गोठलेल्या वडीत गुठळी लगेच कळते.

साखरेचे काम गोडीपुरते नाही. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळली तर ते पाणी शून्याऐवजी सुमारे उणे १.८६ अंशांवर गोठू लागते. आकडा किरकोळ वाटतो, पण खरा खेळ पुढेच आहे. थोड्या पाण्याचा बर्फ झाला की उरलेल्या पाण्यात साखर आणखी दाट होते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. म्हणून उणे १८ अंशांतही सगळे पाणी गोठत नाही. मधल्या न गोठलेल्या पाकामुळेच वडी दाताखाली दबते. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते. त्यामुळे उरलेले आम्रखंड फ्रीझरमध्ये ठेवले तर ते दगड होत नाही, पण कापता येईल इतके घट्टही होत नाही. थंड वड्यांसाठी सहाशे ग्रॅम चक्क्याला दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम पिठीसाखर पुरते. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, म्हणून चाखताना मिश्रण किंचित जास्त गोड लागले तरच ते गोठल्यावर बेताचे लागेल.

कोल्हापुरात साखरेऐवजी गुळाचा विचार मनात येणारच; इथल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. गरम दुधात गूळ घातला तर ते नासण्याची धास्ती असते. दही आधीच विरजलेले, त्यामुळे इथे ती चिंता उरत नाही. शिवाय गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा अंश असतो. या शर्करा वजनाच्या मानाने गोठणबिंदू साखरेपेक्षा जास्त उतरवतात, म्हणून गुळाची वडी जरा मऊ राहते. रंग मात्र मातकट येतो. त्यापेक्षा काकवीचा उपयोग चांगला: मिश्रण थाळीत पसरल्यावर वरून तिची बारीक धार सोडावी. फ्रीझरमध्येही ती बर्फासारखी कडक होत नाही, आणि पांढऱ्या थरावर तिच्या तांबूस रेघा दिसायलाही छान दिसतात.

बऱ्याच फळांत पाणी दह्याहूनही अधिक. कलिंगड यासाठी अगदी कुचकामी. त्याचा तुकडा गोठला की निव्वळ गुलाबी बर्फ. फळाचे तुकडे लहान करून त्यांना दोन-तीन चमचे साखर चोळावी आणि अर्धा तास ठेवावे. साखर थोडे पाणी बाहेर ओढते, काही आत शिरते, आणि तुकडा कमी कडक गोठतो. सुटलेला रस फेकण्याचे कारण नाही. छोट्या पातेल्यात आटवून, गार करून तोच चक्क्यात मिसळावा. तासगाव-मिरजेकडची द्राक्षे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मुबलक असतात. ती उभी चिरून घालावीत, कारण अख्खे गोठलेले द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकू शकते. द्राक्षांचा हंगाम नसेल तर सांगलीचा बेदाणा कोमट पाण्यात भिजवून, निथळून घ्यावा. त्याच्यातच इतकी साखर असते की तो फ्रीझरमध्येही चावता येतो. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, पण पाणीदार. तिला साखर चोळल्याशिवाय घालू नये.

हापूसचा रस मात्र जणू याच कामासाठी झालेला: दाट, गोड आणि रेषा नसलेला. सहाशे ग्रॅम चक्क्याला चारशे ग्रॅम रस घेतला तर साखर निम्म्याने कमी करता येते. केळे कुस्करून घातले तर मऊपणा फुकटात मिळतो. ते काळे पडू नये म्हणून वर लिंबू पिळावे. सीताफळ चवीला सर्वांत सरस, पण चार-पाच फळांच्या बिया काढण्यातच दुपार जाते. मे-जूनमध्ये राधानगरी, शाहूवाडी, चंदगडकडून करवंदे आणि जांभळे बाजारात येतात. त्यांचा गर शिजवून, गाळून मिसळला तर वडीला जो जांभळा रंग चढतो तो कुठल्या बाटलीतून मिळणार नाही. डाळिंबाचे दाणे गोठवू नयेत, ते खड्यासारखे लागतात. खायला देताना वरून घालावेत.

एका फळाबाबत सावध राहिले पाहिजे, ते म्हणजे न शिजवलेले अननस. त्यातले ब्रोमेलेन हे विकर दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करते आणि काही वेळात मिश्रण कडू होते. पपईतले पपेन आणि किवीतले विकरही त्याच जातीचे. गोठवल्याने हे काम मंदावते, थांबत नाही. अननसाचे तुकडे साखरेत चांगले शिजवून घेतले की विकर निकामी होते आणि फळ निर्धोक. कोल्हापूरच्या कोल्ड्रिंक हाउसमधले ‘कॉकटेल’, म्हणजे आईस्क्रीम आणि फळांनी काठोकाठ भरलेला ग्लास, समोर येताच संपवले जाते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. वड्या रात्रभर ठेवायच्या असतात, तेव्हा कडूपणाला भरपूर सवड मिळते.

गोठवण्याच्या दोन रीती आहेत. डब्यात गोठवायचे तर दर पाऊण तासाने बाहेर काढून कडेचे गोठलेले मिश्रण मधल्यात घोटावे लागते. असे तीन-चार वेळा केले की स्फटिक मोडत जातात. दुसरी रीत आळशाची आणि वाटून खायला अधिक सोयीची. स्टीलच्या थाळीत बटर पेपर घालून मिश्रण बोटाच्या पेरापेक्षा कमी जाडीचे पसरावे. थर पातळ आणि धातू उष्णता लवकर सोडणारा, त्यामुळे गोठण जलद होते आणि घोटण्याची गरज राहत नाही. वर फळांचे तुकडे आणि चंदगड-आजऱ्याकडचे काजू भरडून दाबावेत. तास-दीड तासाने थर अर्धवट घट्ट झाला की आंब्याच्या वड्यांसारख्या रेघा पाडाव्यात. पूर्ण गोठल्यावर सुरी चालत नाही. पाच-सहा तासांत वड्या सुटतात. दोन लिटर दुधाच्या एवढ्या मिश्रणात बारा-पंधरा जणांना दोन-दोन वड्या सहज येतात. वाटी-चमचा लागत नाही, हा कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत मोठाच फायदा.

तिथवर त्या नेणे हे वेगळे प्रकरण. एप्रिलच्या दुपारी साधा डबा घेऊन निघाले तर गेटवर पोचेपर्यंत आत लस्सी. थर्मोकोलच्या खोक्यात तीन वाट्या बर्फाचा चुरा आणि एक वाटी जाडे मीठ मिसळून, त्यात घट्ट झाकणाचा डबा पुरावा. मीठ बर्फाला वितळायला लावते, आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता भोवतालातून, म्हणजे डब्यातूनही, ओढली जाते. मीठ आणि बर्फाचे असे मिश्रण योग्य प्रमाणात उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. लग्नसमारंभात लाकडी पिंपात फिरवले जाणारे पॉट आईस्क्रीम याच युक्तीवर होते. खोक्यात खारे पाणी साचते, तेव्हा झाकणाच्या कडेने एक प्लास्टिकची पिशवी बांधलेली बरी; खारट वडी कुणाला नको असते.

खायच्या आधी घरी पाच-सात मिनिटे बाहेर ठेवल्यास चव उघडते. कंपनीच्या शेडमध्ये तेवढीही वाट पाहावी लागत नाही. गोठल्याने दह्यातले सगळे जिवाणू मरत नाहीत, बरेचसे नुसते निपचित पडतात. हे विरजणाच्या जिवाणूंइतकेच अस्वच्छ हातांवरून आलेल्या जिवाणूंनाही लागू आहे. म्हणून पूर्ण विरघळलेल्या वड्या पुन्हा गोठवू नयेत. तसेही दुसऱ्यांदा गोठताना स्फटिक मोठे होतात आणि पहिल्या खेपेची सगळी मेहनत वाया जाते. उरलेले पातळ मिश्रण त्याच दिवशी लस्सी म्हणून संपवावे.

फडक्यातून पातेल्यात गळलेले पिवळसर पाणी लिटरभर तरी भरते. त्यात दुधातली साखर, क्षार आणि थोडी प्रथिने असतात. बेसन लावून त्याची कढी होते, थालीपिठाचे पीठ त्यात भिजते, आणि म्हशीच्या घरात ते आंबोणात जाते.