नद्यांतलं युद्ध आणि कमांडर सामंत

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिनासाठी तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणसांचा महापूर लोटला होता. समोर युद्धनौका उभ्या होत्या, डोक्यावरून विमानं जात होती. नौदलाचे खास कमांडो, म्हणजे मार्कोस, शत्रूच्या किनाऱ्याची टेहळणी करून हल्ला कसा करतात याचं प्रात्यक्षिक दाखवत होते. 1664 साली ज्या किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली, तिथे हा सोहळा व्हावा हे योग्यच होतं.

ही तारीख आली 1971 च्या कराची हल्ल्यावरून. त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदराला दिलेला तडाखा सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच वर्षी, त्याच नौदलाने पूर्वेकडे बंगालच्या नद्यांमध्ये आणखी एक युद्ध चालवलं होतं. त्याची सुरुवात डिसेंबरच्या कितीतरी आधी झाली होती आणि त्याची सूत्रं एका मराठी अधिकाऱ्याच्या हातात होती. मोहन नारायण राव सामंत हे त्यांचं नाव. सामंत हे आडनाव मालवण-वेंगुर्ल्याकडे घरोघरी ओळखीचं, पण या सामंतांना इथेही फार थोडे लोक ओळखतात.

सामंत मूळचे पाणबुडी दलातले. भारताची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ डिसेंबर 1967 मध्ये दाखल झाली, तेव्हा हे दल अगदी नवं होतं. 4 सप्टेंबर 1969 रोजी सोव्हिएत संघातल्या रीगा बंदरात ‘करंज’ दाखल झाली आणि तिचे पहिले कप्तान झाले कमांडर सामंत. एरवी अशा अधिकाऱ्याचं पुढचं आयुष्य खोल समुद्रातच गेलं असतं.

1971 च्या मार्चने ते बदललं. ढाक्यात पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली, तेव्हा फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात पाकिस्तानची नवी पाणबुडी ‘मांग्रो’ उभी होती. तिच्यावरचे काही बंगाली नौसैनिक निसटले. त्यातल्या आठजणांनी माद्रिदच्या भारतीय वकिलातीत आसरा मागितला आणि ते भारतात पोचले. पाणबुडीवर शिकलेली, देशासाठी जीव द्यायला निघालेली ही माणसं दिल्लीत नौदलाच्या गुप्तवार्ता विभागासमोर येऊन बसली. नौदलप्रमुख होते ॲडमिरल एस. एम. नंदा आणि गुप्तवार्ता विभाग कॅप्टन एम. के. रॉय यांच्याकडे होता. तिथून जी गुप्त मोहीम उभी राहिली, तिचं नाव ‘नेव्हल कमांडो ऑपरेशन्स एक्स’. तिचं नेतृत्व सामंतांकडे आलं.

छावणीची जागा निवडली पलाशी. 1757 ची लढाई आपण शाळेत शिकतो, तेच प्लासी. तिथे भागीरथीच्या काठावर तंबू पडले आणि छावणीचं सांकेतिक नाव ठरलं ‘सी टू पी’. तिथला कारभार लेफ्टनंट कमांडर जॉर्ज मार्टिस आणि नौदलाचे पाणबुडे बघत. शिकायला आलेली बहुतेक मुलं निर्वासितांच्या छावण्यांतून निवडलेली होती, कुणी विद्यार्थी, कुणी शेतकऱ्याचा पोर. नदीकाठी वाढल्यामुळे पोहणं त्यांच्या अंगातच होतं. अंगाला विटा बांधून तासन् तास पोहायचं, रात्री आवाज न करता प्रवाहात शिरायचं, पाण्याखाली जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवायचा आणि प्रवाहाबरोबरच निसटायचं, एवढं काही महिन्यांत शिकायचं होतं. अशी चारशेहून अधिक मुलं तिथे तयार झाली.

या सुरुंगाला लिम्पेट म्हणतात. तो लोहचुंबकाने जहाजाला चिकटतो. त्यातली एक गुटी पाण्यात विरघळली की ठरावीक वेळाने स्फोट होतो. पण पोरांना जहाजापर्यंत पोहत जायला त्याहून जास्त वेळ लागणार होता. मग गुटीवर निरोध चढवायचा आणि जहाजाशी पोचल्यावर तो काढायचा, अशी युक्ती निघाली. इतक्या साध्या वस्तूने एवढी मोठी अडचण सुटली.

हल्ल्याचा इशारा द्यायचा कसा? हत्यारं लपवून ही मुलं शत्रूच्या मुलखात पांगलेली. त्यासाठी आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरून दोन गाणी लावायची ठरली. पंकज मलिकांचं गाणं वाजलं की तयार राहायचं, दुसरं ठरलेलं गाणं वाजलं की निघायचं. 15 आणि 16 ऑगस्टच्या मधल्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी स्फोट झाले. चितगावच्या तुकडीचा म्होरक्या ए. डब्ल्यू. चौधरी हा ‘मांग्रो’वरून निसटलेल्यांपैकीच एक. तिथे ‘अल-अब्बास’ आणि ‘हॉर्मुझ’ ही जहाजं बुडाली. पूर्व पाकिस्तानातलं लष्कर रसदेसाठी बंदरं आणि नद्यांवरच अवलंबून होतं. त्या नद्याच आता सुरक्षित राहिल्या नव्हत्या.

प्रत्यक्ष युद्ध पेटल्यावर सामंत स्वतः नदीत उतरले. कोलकाता बंदराच्या दोन साध्या बोटींवर तोफा बसवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ तयार केल्या होत्या. त्यांच्यासोबत नौदलाची ‘पनवेल’ होती, आपल्या पनवेलचं नाव लावणारी छोटी गस्ती नौका. मोंगला सर करून 10 डिसेंबरला हा ताफा खुलनाकडे निघाला आणि दुपारी आकाशातून बाँब पडले. विमानं आपलीच होती. वैमानिकांना या नौका शत्रूच्या वाटल्या. ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ दोन्ही बुडाल्या. ‘पलाश’च्या इंजिनावरचा रुहुल अमीन त्या दिवशी मारला गेला. बांगलादेशाने सर्वोच्च वीरश्रेष्ठ पदक फक्त सातजणांना दिलं, त्यांत नौदलाचा हा एकटा.

त्या घटकेला परत फिरण्याचा सामंतांना पूर्ण हक्क होता. ते फिरले नाहीत. काठावरून गोळीबार चालू असताना त्यांनी पाण्यातली माणसं उचलली आणि उरलेल्या ‘पनवेल’वरून खुलनावर हल्ला चढवला. या कामगिरीसाठी त्यांना महावीरचक्र मिळालं. त्याच मोहिमेतला लीडिंग सीमन चिमण सिंग जखमी अवस्थेत लढत शत्रूच्या हाती सापडला, मुक्तीनंतर सुटून आला, आणि त्यालाही महावीरचक्र मिळालं. अधिकारी आणि खलाशी दोघांना एकाच लढाईसाठी हा मान मिळणं ही किती मोठी गोष्ट आहे!

मोहीम गुप्त होती, म्हणून तिची कथाही कित्येक दशकं बंद राहिली. या लोकांना त्याची किंमत मोजावी लागली असं वाटतं. शौर्य तेवढंच, पण सांगायची सोय नाही. अखेर पत्रकार संदीप उन्नीथन यांच्यासोबत सामंतांनी ‘ऑपरेशन एक्स’ हे पुस्तक लिहिलं. ते 2019 साली बाहेर आलं, पण त्याच वर्षी 20 मार्चला वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी सामंत गेले होते.

मार्कोसची स्थापना 1987 ची, म्हणजे सामंतांच्या लढाईनंतर सोळा वर्षांनी. पण पाण्याखालून शत्रूच्या बंदरात शिरणं आणि छोट्या तुकडीकडून मोठं काम काढून घेणं हे आपल्या नौदलाने पलाशीच्या घाटावर आधीच करून पाहिलं होतं. मार्कोसचा इतिहास सांगताना ते पान वगळलं जाऊ नये.

जुनी ‘करंज’ 2003 मध्ये निवृत्त झाली. 10 मार्च 2021 रोजी मुंबईत त्याच नावाची नवी, स्वदेशी बांधणीची पाणबुडी दाखल झाली. प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख ॲडमिरल व्ही. एस. शेखावत. 1971 च्या युद्धात जुन्या ‘करंज’ची कमान त्यांच्याकडे होती, तर तिचे पहिले कप्तान तेव्हा बंगालच्या नद्यांत होते. यापुढे 4 डिसेंबरला मालवणच्या शाळांत कराचीची गोष्ट सांगताना शिक्षकांनी खुलनाचीही सांगावी, सामंतांच्या नावासकट.