न सुटणारी शाळा

बालदोस्तांनो, आपली शाळा पाच वाजता सुटते. शेवटची घंटा झाली की दप्तर पाठीला लावून तुम्ही जी धूम ठोकता, ती मी रोज बघते! घरी गेल्यावर ‘आज बाई मला उगाचच ओरडल्या’ असं आईला सांगता येतं. आई कधी तुमची बाजू घेते, कधी बाईंची. पण सांगता तरी येतं की नाही?

आता अशी शाळा डोळ्यांपुढे आणा, जी सुटतच नाही. जेवण तिथंच, अंघोळ तिथंच, रात्री दिवे घालवल्यावर कुजबुजलात तर अंधारातून खेकसणारे मास्तरही तिथलेच. सगळ्या बोर्डिंग शाळा वाईट असतात असं मुळीच नाही. कितीतरी मुलं तिथं मजेत शिकतात. पण तिथं अन्याय झालाच, तर संध्याकाळी आईच्या कुशीत शिरायची सोय नाही. मग मुलं काय करतात? खुसुरफुसुर करतात, बेत आखतात... आणि सिनेमावाल्यांना गोष्ट मिळते!

अशा गोष्टींचा खापरपणजोबा शोभेल असा एक फ्रेंच सिनेमा आहे. ‘झेरो द काँद्युइत’, म्हणजे ‘वर्तणुकीत शून्य’. साल १९३३, दिग्दर्शक ज्याँ व्हिगो. लांबी पाऊण तासाचीसुद्धा नाही. हे नाव का? त्या शाळेत खोडी केली की वर्तणुकीचे गुण शून्य, आणि शून्य मिळालं की रविवारी बाहेर जायला बंदी! आठवड्यातून एकदा मिळायची ती मोकळी हवाही गेली.

शाळेचे हेडमास्तर आपली हॅट काचेच्या घुमटाखाली ठेवतात, जसा काही देव्हाऱ्यातला देव! एक ह्युगे नावाचे मास्तर मात्र वेगळे. ते मैदानावर चार्ली चॅप्लिनसारखं चालून दाखवतात, वर्गात चक्क हातांवर उभे राहतात. पोरं त्यांच्यावर खूश.

आणि जेवण? रोज घेवडा. पुन्हा घेवडा. शेवटी एक दिवस पोरांचा संयम संपतो. स्वयंपाकीणबाईंच्या नावानं आरडाओरडा सुरू होतो, ताटातला घेवडा हवेत उडू लागतो. पण त्या बाई कोण? कटातल्याच एका मुलाची, कोलँची, आई! त्याचा चेहरा पडतो. ते पोरांच्या ध्यानात येतं आणि सगळा गलका हळूहळू विरून जातो. मला विचाराल तर सबंध सिनेमातला सगळ्यात शहाणा क्षण हाच. भांडण घेवड्याशी होतं, कोलँच्या आईशी नव्हतं. ती बिचारी कोठारात असेल ते शिजवणार! हे त्या वांड पोरांना कुणी न सांगता कळलं.

याच शाळेत ताबार नावाचा एक नाजूक, बुजरा मुलगा आहे. एक मास्तर त्याच्याशी नको इतकी सलगी करतात, हातावर हात ठेवतात. ताबार हात झटकतो आणि त्यांना एक सणसणीत शब्द ऐकवतो. (तो इथं छापायला दिला तर संपादक माझा लेख परत पाठवतील!) सर्वांसमोर माफी मागायला सांगितल्यावर तो उभा राहतो आणि तोच शब्द पुन्हा, या वेळी थेट हेडमास्तरांना! एरवी माझ्या वर्गात असा शब्द मी खपवून घेणार नाही. पण ताबारवर मला रागावता येत नाही. नको असलेला हात झटकायला कुणाची परवानगी लागत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या बाबतीत असं घडलं, तर घरी सांगा, नाहीतर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मास्तर कितीही मोठे असले तरी!

त्या रात्री झोपायच्या दालनात बंड होतं. बंड कसलं, उशांची मारामारी! उशा फाटतात, पिसं बर्फासारखी भुरभुरतात आणि त्यातून मुलांची मिरवणूक अगदी संथ गतीनं, स्वप्नातल्यासारखी पुढं सरकते. इथलं संगीतही न्यारं. संगीतकार मॉरिस जोबेर यांनी ते उलट्या क्रमानं लिहून वाजवून घेतलं आणि मग ध्वनिफीत उलटी फिरवली. त्यामुळं सूर ओळखीचे वाटतात, पण श्वास मागं घेतल्यासारखे. दुसऱ्या दिवशी शाळेत समारंभ. मोठमोठे पाहुणे आलेले. चार पोरं छपरावर चढून त्यांच्यावर जुनीपुरानी अडगळ फेकतात आणि कौलांवरून आभाळाच्या दिशेनं चढत जातात.

फ्रेंच सरकारनं या सिनेमावर बंदी घातली. ती उठली दुसरं महायुद्ध संपल्यावर. उशांच्या मारामारीला एवढं घाबरायचं? पण व्हिगोची ही नुसती गंमत नव्हती. त्याचे वडील सरकारविरुद्ध लिहिणारे पत्रकार. १९१७ साली तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा तो अवघा १२ वर्षांचा होता. लोकांनी त्रास देऊ नये म्हणून त्याला खोट्या नावानं बोर्डिंगमध्ये राहावं लागलं. विचार करा, हजेरीत स्वतःचं नावसुद्धा नाही! क्षयानं तो १९३४ साली गेला, वय २९. आपल्या सिनेमावरची बंदी उठलेली त्यानं पाहिलीच नाही.

त्याच्याही आधी, १९३१ साली, जर्मनीत ‘मेडशेन इन उनिफॉर्म’ म्हणजे ‘गणवेशातल्या मुली’ हा सिनेमा आला. दिग्दर्शिका लिओन्टीन सागान. पडद्यावर सगळ्या बायका आणि मुली, एकही पुरुष नाही. आई नसलेल्या मॅन्युएलाला एका प्रेमळ बाईंचा फार लळा लागतो. मुख्याध्यापिका तिला वाळीत टाकतात, ‘तिच्याशी कुणी बोलायचं नाही’ असा हुकूम सुटतो. मुली काय करतात? हुकूम मोडतात, तिला हाका मारत सगळी इमारत पालथी घालतात आणि अगदी वेळेवर गाठतात. दगड नाही, अडगळ नाही. मैत्रिणीचं नाव मोठ्यानं घेतलं, एवढंच त्यांचं बंड!

पालकांसाठी एक नाव जाता जाता सांगते. लिंडसे अँडरसनचा ‘इफ’ (१९६८). मुलांसाठी तो नाही, शेवटी बंदुका निघतात. पण त्यात मास्तरांपेक्षा मॉनिटर झालेली मोठी मुलं जास्त छळतात, छडीही तीच चालवतात. हे मला फार खरं वाटतं. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं मारायलाच नव्हे, मानसिक छळालाही मनाई केली आहे.

आणि १९८९चा ‘डेड पोएट्स सोसायटी’ तर पुष्कळांना ठाऊक असेल. काळ १९५९, अमेरिकेतली मुलांची कडक शाळा. रॉबिन विल्यम्सनं रंगवलेले कीटिंग सर कवितेच्या पुस्तकातली प्रस्तावना फाडायला लावतात, कारण तिच्यात कविता आलेख काढून मोजायची रीत दिलेली असते! बाकावर उभं राहून जग निराळं कसं दिसतं तेही दाखवतात. पण चार्ली नावाचा मुलगा भर सभेत ‘हेडमास्तर, देवाचा फोन आलाय’ अशी चेष्टा करतो, तेव्हा हेच सर त्याला खडसावतात. शाळेतून काढून टाकलं जाण्यात शौर्य कसलं, असा त्यांचा सवाल. शाळेत शिकायला मिळतं, ते घालवून काय मिळवलंस?

पुढं एक दुःखद घटना घडते आणि शाळेला कुणावर तरी दोष ढकलायचा असतो. मुलांकडून दबावानं कागदावर सह्या घेतल्या जातात आणि कीटिंग सरांची नोकरी जाते. सर आपलं सामान न्यायला वर्गात येतात. तेव्हा सगळ्यात लाजरा, तोंडातून शब्द न फुटणारा टॉड बाकावर चढतो. हेडमास्तर ‘खाली बस’ म्हणून ओरडतात. मग दुसरा चढतो, तिसरा चढतो. सगळे नाही हं! काही मुलं मान खाली घालून बसूनच राहतात. सिनेमा बघाल तेव्हा त्यांचेही चेहरे नीट बघा. त्यांनीही सह्या केल्या होत्या, आणि टॉडनंही.

हा सिनेमा आठवी-नववीच्या पुढच्या मुलांनी बघावा, तोही आईवडिलांबरोबर. त्यात एका मुलाचा मृत्यू आहे. सिनेमा संपला की लगेच टीव्ही बंद करून ‘चला, झोपा आता’ म्हणू नका, थोडा वेळ मुलांजवळ बसा.