दुसऱ्यांदा सापडलात तर?

जेमतेम दहा सेकंदांची रेस. तिच्यासाठी अख्खं करिअर पणाला लावायचं, पकडले जायचं, आणि बंदी संपली की पुन्हा तेच? मला हे कोडं कधीच सुटलेलं नाही.

बेन जॉन्सनचं घ्या. १९८८, सोल ऑलिम्पिक. ९.७९ सेकंद, वर्ल्ड रेकॉर्ड, गोल्ड... आणि तीन दिवसांत सगळं गायब! स्टॅनोझोलॉल नावाचं स्टेरॉइड सापडलं. दोन वर्षांची बंदी भोगून गडी परतला, १९९३ मध्ये पुन्हा अडकला. या वेळी थेट आजन्म बंदी.

जस्टिन गॅटलिनची केस मात्र डोकं खाते. २००१ मध्ये सापडलेलं अँफेटामाइन त्याच्या एकाग्रतेच्या त्रासावरच्या औषधातलं होतं, म्हणून दोन वर्षांची बंदी लवकर उठली. २००६ मध्ये टेस्टोस्टेरॉन. आता आठ वर्षं! पण लवादाने ती चारवर आणली. औषधाची गोळी आणि स्टेरॉइड एकाच तराजूत तोलू नये, इथपर्यंत मला पटतं. ‘वाडा’च्या आजच्या नियमांतही दुसऱ्या वेळची शिक्षा पहिल्या गुन्ह्याचं स्वरूप बघून ठरते, तिसऱ्यांदा सापडलात तर बहुधा कायमचं घरी.

पण २०१५ मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, हाच गॅटलिन ९.७४ मध्ये धावला, तेव्हा भुवया उंचावल्याच ना? २०१७ मध्ये लंडनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्याने बोल्टला हरवलं, तर स्टेडियमने गोल्डवाल्याची हुर्यो उडवली. तो बोल्टसमोर गुडघ्यावर बसला. ब्राँझवाल्या बोल्टने त्याला मिठी मारली.