मोजपट्टीने मोजलेली विषमता

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात स्त्रिया कमी का, या प्रश्नाला सहसा दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. मुलींना या विषयांची मुळातच आवड नसते, हे पहिले. मुली आता मोठ्या संख्येने शिकू लागल्या आहेत, तेव्हा काही वर्षांत वरच्या जागांवरही त्या आपोआप दिसू लागतील, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे शिक्षणसंस्थांच्या सोयीची आहेत, कारण दोहोंतही संस्थेला स्वतःमध्ये काही बदल करण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत बॉस्टनलगतच्या केंब्रिज शहरात असलेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा, म्हणजेच 'एमआयटी'चा, इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. तंत्रशिक्षणात जगात अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या या संस्थेत स्त्रियांची संख्या जेव्हा जेव्हा वाढली, तेव्हा तेव्हा त्याआधी संस्थेचा एखादा नियम, एखादी इमारत किंवा एखादी सवय बदललेली होती.

विनाशुल्क, पण नोंदीबाहेर

एलेन स्वॅलो ही एमआयटीत प्रवेश मिळालेली पहिली स्त्री. व्हासार महाविद्यालयाची पदवी घेऊन तिने १८७० मध्ये रसायनशास्त्राच्या अभ्यासासाठी अर्ज केला. संस्थेने तिला 'विशेष विद्यार्थिनी' म्हणून घेतले आणि शुल्कही माफ केले. हे औदार्य आहे, असे तिला वाटले. पुढे तिला कळले ते वेगळेच. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, असे सांगता यावे म्हणून शुल्क घेण्यात आले नव्हते. प्रयोगशाळेत आपले अस्तित्व कोणाला खुपू नये, यासाठी ती सुई-दोरा, कात्री आणि टाचण्या जवळ बाळगत असे आणि प्राध्यापकांची किरकोळ शिवणकामेही करून देत असे. १८७३ मध्ये तिने पदवी मिळवली. १८८४ मध्ये सार्वजनिक आरोग्याशी निगडित रसायनशास्त्राची अध्यापिका म्हणून तिची नेमणूक झाली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिण्याच्या पाण्याच्या हजारो नमुन्यांचे तिने केलेले पृथक्करण हा त्या क्षेत्रातील पायाभूत अभ्यास ठरला. विवाहानंतर एलेन रिचर्ड्स या नावाने ओळखल्या गेलेल्या या विदुषीने १९११ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अध्यापन केले. मात्र प्राध्यापकपद तिला कधीच लाभले नाही.

प्रवेश द्यायचा, पण अटीवर, ही रीत केवळ अमेरिकेची नव्हती. साठ वर्षांनंतर, १९३३ मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना सर सी. व्ही. रामन यांनी प्रथम नकार दिला आणि मग वर्षभराच्या 'परीक्षाकाळा'च्या अटीवर प्रवेश दिला, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. दोन्ही ठिकाणी दार उघडले, पण ते पुन्हा बंद करण्याचा अधिकार संस्थेने आपल्याकडे राखून ठेवला होता.

जितक्या खाटा, तितक्या विद्यार्थिनी

एलेन स्वॅलोनंतर नव्वद वर्षे उलटली, तरी एमआयटीत विद्यार्थिनींची संख्या अत्यल्पच राहिली. त्यामागे एक साधे कारण होते. विद्यापीठाच्या आवारात मुलींसाठी वसतिगृहच नव्हते. नदीपलीकडे बॉस्टनमध्ये एका घरात त्यांच्या राहण्याची व्यवस्था असे आणि तेथे जितकी जागा, त्या बेताने प्रवेश दिले जात. गुणवत्तेची कसोटी बाजूला राहून खाटांची संख्या निर्णायक ठरत होती.

हे ओळखले ते कॅथरिन मॅकॉर्मिक यांनी. १९०४ मध्ये एमआयटीतून जीवशास्त्राची पदवी घेतलेल्या या धनाढ्य स्त्रीने मोठी देणगी देऊन मुलींचे वसतिगृह उभारून दिले. त्याचा पहिला भाग १९६३ मध्ये आणि दुसरा १९६८ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर विद्यार्थिनींची संख्या वाढू लागली. मुलींची अभियांत्रिकीची आवड काही १९६३ मध्ये अचानक जागी झाली नव्हती. तिला राहायला जागा मिळाली, इतकेच.

तरीही प्रवेशाचे निकष मुलींसाठी अधिक कडक होते. ते समान व्हावेत यासाठी १९७० च्या सुमारास ज्यांनी प्रयत्न केले, त्यांत भौतिकशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस आणि प्राध्यापिका एमिली विक या प्रमुख होत्या.

आठ की साडेआठ?

ड्रेसेलहाउस यांची स्वतःची वाटचाल उद्बोधक आहे. १९६० मध्ये त्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत रुजू झाल्या. चार मुलांचे संगोपन सांभाळून संशोधन करणाऱ्या या शास्त्रज्ञ ज्या चुंबकीय प्रयोगशाळेत प्रयोग करीत, तेथे सकाळी आठ वाजता हजर राहण्याची अपेक्षा असे. त्यांना पोहोचायला साडेआठ होत. त्या कामात किती तरबेज आहेत किंवा सायंकाळी किती वेळ थांबतात, यापेक्षा त्या अर्ध्या तासाचीच चर्चा अधिक होई. अखेर १९६७ मध्ये, स्त्री-विद्वानांसाठी खास देणगीतून निर्माण झालेल्या एका अध्यासनावर, अतिथी प्राध्यापक म्हणून त्या विद्युत अभियांत्रिकी विभागात आल्या आणि १९६८ मध्ये तेथेच कायम प्राध्यापक झाल्या. कार्बनच्या गुणधर्मांवरील मूलगामी संशोधनाने त्या जगभर विख्यात झाल्या. १९८५ मध्ये 'इन्स्टिट्यूट प्रोफेसर' हा एमआयटीतील सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या यशामागे बुद्धिमत्ता होती, त्याच क्षेत्रात काम करणाऱ्या पतीची साथ होती आणि जवळजवळ तीन दशके घर सांभाळणारी एक विश्वासू दाई होती. हे सारे एकत्र जुळून येणे हा योगायोग असतो. अशा योगायोगावर अवलंबून राहणाऱ्या संस्थेत मोजक्याच स्त्रिया टिकतात.

संगणकाच्या दालनात

संगणकशास्त्र हे तसे नवे क्षेत्र. तेथे जुन्या परंपरांचे ओझे नसावे, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात काय घडले? बार्बरा लिस्कोव्ह यांनी गणिताची पदवी घेतल्यावर प्रिन्स्टन विद्यापीठाकडे विचारणा केली, तेव्हा आम्ही स्त्रियांना प्रवेश देत नाही, असे उत्तर त्यांना पोस्टकार्डावर आले. पुढे त्यांनी स्टॅनफर्ड येथून १९६८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. विद्यापीठात मनाजोगती जागा न मिळाल्याने त्यांनी आधी एका संशोधन कंपनीत काम केले आणि १९७२ मध्ये त्या एमआयटीत आल्या. मोठी आज्ञावली लहान, स्वयंपूर्ण घटकांत कशी विभागावी, याविषयीच्या त्यांच्या विचारांवर आजच्या बहुतेक संगणकभाषा उभ्या आहेत. त्यासाठी २००८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना देण्यात आला. त्यांच्या सहकारी शफी गोल्डवासर यांना सांकेतिक लेखनशास्त्रातील कार्यासाठी २०१२ मध्ये हाच सन्मान मिळाला.

परंतु दोन-चार शिखरांवरून साऱ्या प्रदेशाची उंची कळत नाही. १९८३ मध्ये एमआयटीच्या दोन संगणक प्रयोगशाळांतील संशोधक विद्यार्थिनी आणि कर्मचारी स्त्रियांनी मिळून एक अहवाल तयार केला. आपल्याला रोज काय सोसावे लागते, याची त्यात विषयवार नोंद होती. बाहेरून आलेला पाहुणा संशोधक विद्यार्थिनीला सचिव समजतो. तिने मांडलेल्या मुद्द्याकडे दुर्लक्ष होते आणि तोच मुद्दा पुरुषाने मांडला की चर्चा सुरू होते. तिच्या कामाऐवजी तिच्या दिसण्यावर शेरे मारले जातात. यातील एकही घटना तक्रार करण्याइतकी मोठी वाटत नाही. परंतु त्या रोज घडतात, आणि ज्या विषयात आत्मविश्वास हेच भांडवल, त्या विषयात ते भांडवल त्या हळूहळू कुरतडत राहतात. हा अहवाल इतर विद्यापीठांतही वाचला गेला.

काळजी अनाठायी नव्हती. अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास सुमारे ३७ टक्क्यांवर पोहोचले होते. त्यानंतर ते घसरत गेले आणि २०१० च्या सुमारास अठरा टक्क्यांच्या आसपास आले. काळ पुढे सरकला की प्रमाण आपोआप वाढते, हा समज येथे साफ खोटा ठरला.

दोनशे चौरस फुटांचा प्रश्न

एमआयटीच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण घडले ते १९९० च्या दशकात. नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ १९७३ पासून तेथे अध्यापन करीत होत्या. झेब्राफिश जातीच्या माशांवर संशोधन करण्यासाठी टाक्या ठेवायला त्यांना दोनशे चौरस फूट जागा अधिक हवी होती. ती नाकारण्यात आली. आपल्याला इतर ज्येष्ठ सहकाऱ्यांपेक्षा कमी जागा आहे, हे त्यांचे म्हणणे कोणी मान्य करीना. तेव्हा १९९३ मध्ये त्यांनी हातात मोजपट्टी घेतली आणि इमारतीतील एकेक प्रयोगशाळा स्वतः मोजून काढली. त्यांची जागा ज्येष्ठ पुरुष प्राध्यापकांच्याच नव्हे, तर नुकत्याच रुजू झालेल्या तरुण सहकाऱ्यांच्या जागेपेक्षाही कमी भरली.

प्रयोगशाळेतील जागा हा वरवर किरकोळ विषय वाटतो. परंतु विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात तेच खरे चलन असते. जागा नसेल तर उपकरणे बसत नाहीत, विद्यार्थी घेता येत नाहीत, विद्यार्थी नसले की शोधनिबंध रखडतात आणि शोधनिबंध नसले की अनुदान आटते. मग काही वर्षांनी 'या बाईंचे काम फारसे नाही' हा निष्कर्ष निघतो आणि तो आकडेवारीने सिद्धही करता येतो.

हॉपकिन्स यांनी सहकारी प्राध्यापिकांशी बोलायला सुरुवात केली, तेव्हा प्रत्येकीजवळ अशीच काहीतरी हकीकत निघाली. आजवर प्रत्येकीला वाटत होते की हा आपल्या एकटीचा, आपल्या स्वभावाचा किंवा एखाद्या विभागप्रमुखाचा प्रश्न आहे. १९९४ मध्ये विज्ञान शाखेतील कायम प्राध्यापिकांपैकी एक वगळता सर्व, म्हणजे सोळा जणींनी चौकशीची मागणी केली. त्या वेळी या शाखेच्या सहा विभागांत २५२ पुरुष आणि अवघ्या २२ स्त्रिया अध्यापन करीत होत्या. हे आठ टक्क्यांचे प्रमाण किमान दहा वर्षे जवळजवळ जैसे थे होते. अधिष्ठाता रॉबर्ट बर्गेनो यांनी समिती नेमली आणि मार्च १९९९ मध्ये तिच्या अहवालाचा गोषवारा प्रसिद्ध झाला.

वेतन, जागा, पुरस्कार, निर्णयप्रक्रियेतील सहभाग या साऱ्यांत ज्येष्ठ प्राध्यापिकांना दुय्यम स्थान मिळत असल्याचे अहवालात नोंदवले होते. परंतु त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे होते. तरुण प्राध्यापिकांना भेदभाव जाणवत नव्हता. तो मागच्या पिढीबरोबर संपला, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. आज ज्येष्ठ असलेल्यांनाही तरुणपणी नेमके तेच वाटले होते. सत्ता आणि साधनांच्या वाटपाचा प्रश्न येतो तो कारकिर्दीच्या मध्यावर, आणि विषमता तेथे उघडी पडते. म्हणूनच 'मला कधी त्रास झाला नाही' हे तरुण स्त्रीचे विधान खरे असूनही पुरेसे ठरत नाही.

एमआयटीचे तत्कालीन अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी या अहवालाला प्रस्तावना लिहिली. विद्यापीठांतील लिंगभेद काही अंशी वास्तव आणि काही अंशी समज असावा, असे आपण मानत आलो. त्यात वास्तवाचाच वाटा कितीतरी मोठा आहे, हे आता उमगले, अशी स्पष्ट कबुली त्यांनी तीत दिली. एका नामांकित विद्यापीठाच्या प्रमुखाने न्यायालयाचा दट्ट्या नसताना असे म्हणावे, याचे अप्रूप सर्वत्र वाटले. अनेक विद्यापीठांनी मग आपापल्या संस्थेतील आकडे तपासायला घेतले.

उत्तरांतून उपजलेले प्रश्न

त्यानंतर एमआयटीत वेतनाची नियमित तपासणी, बाळंतपणानंतर कायम नेमणुकीची मुदत वाढवून देणे, पाळणाघरांची सोय असे बदल झाले. २०११ मध्ये घेतलेल्या आढाव्यात विज्ञान आणि अभियांत्रिकी या दोन्ही शाखांतील प्राध्यापिकांची संख्या दशकभरात जवळपास दुप्पट झाल्याचे दिसले. २००४ च्या अखेरीस सुसान हॉकफिल्ड या संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. आज पदवी अभ्यासक्रमात जवळजवळ निम्म्या विद्यार्थिनी आहेत.

परंतु त्याच आढाव्याने नवे प्रश्नही पुढे आणले. प्रत्येक समितीवर एक स्त्री हवी, असा दंडक घातला आणि स्त्रिया तर थोड्याच. परिणामी बैठकांचा बोजा त्याच त्या स्त्रियांवर पडू लागला आणि संशोधनाचा वेळ त्यात खर्च होऊ लागला. शिवाय 'बाई म्हणून निवड झाली' ही कुजबुज सुरू झाली. म्हणजे पूर्वी डावलले जाण्याने जी प्रतिष्ठा मिळत नव्हती, ती आता निवड होऊनही शंकेच्या छायेत राहिली. स्त्रियांच्या उपजत क्षमतेविषयीचा वादही मिटला नव्हता. जानेवारी २००५ मध्ये हार्वर्डचे तत्कालीन अध्यक्ष लॉरेन्स समर्स यांनी एका परिषदेत त्या दिशेने विधान केले, तेव्हा सभागृह सोडून जाणाऱ्यांत हॉपकिन्सच होत्या.

आपल्याकडे काय?

भारतातील चित्र अगदी असेच नाही. संगणकाच्या शिक्षणात येथील मुलींचा सहभाग अमेरिकेपेक्षा चांगला राहिला आहे. मात्र आयआयटीच्या उंबरठ्यावर त्या अडखळत होत्या आणि मुंबईत पवईची आयआयटीही त्याला अपवाद नव्हती. मुलांच्या जागा कमी न करता मुलींसाठी अतिरिक्त जागा निर्माण करण्याची योजना २०१८ मध्ये लागू झाली आणि टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याआधी दहा टक्क्यांच्याही खाली असलेले प्रमाण दोन-तीन वर्षांतच दुपटीच्या घरात गेले. मॅकॉर्मिक वसतिगृहाचाच हा धडा, निराळ्या भूमीवर गिरवलेला.

तथापि प्रवेश ही पहिली पायरी झाली. याच मुली पुढे प्राध्यापिका होतील, तेव्हा त्यांना प्रयोगशाळा किती मोठी मिळते, विभागप्रमुखपद कोणाकडे जाते, मूल लहान असताना गेलेल्या वर्षांचा हिशेब कसा मांडला जातो, हे प्रश्न उभे राहणार आहेत. सदिच्छा असलेल्या माणसांच्या संस्थेतही विषमता वर्षानुवर्षे नांदू शकते, हे एमआयटीच्या अनुभवातून दिसले. ती कोणाच्या नजरेस आली नाही, कारण कोणी मोजली नव्हती. आपल्या विद्यापीठांनी हे मोजमाप एखाद्या प्राध्यापिकेने हाती मोजपट्टी घेण्याची वाट न पाहता स्वतःहून, दरवर्षी आणि जाहीरपणे करायला हवे.